परकेपणाची आठवण : दार की भिंत?

काळ हे दुःखावरचे औषध आहे, असे आपल्याकडे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. काळ दुःखाची धार बोथट करतो. दुःख मात्र मनाच्या तळाशी तसेच राहते. त्या तळाशी राहिलेल्या दुःखाचे माणूस पुढे काय करतो, हा नीतीचा एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. त्याची उत्तरे दूर शोधण्याची गरज नाही. सासुरवास सोसलेली एक स्त्री घरात सून आली की तिला मायेने जवळ करते. 'माझ्या वाट्याला आले ते हिच्या वाट्याला नको' असे म्हणते. तितकाच सासुरवास सोसलेली दुसरी म्हणते, 'आम्ही नाही का सोसले? हिनेही सोसावे.' दोघींची आठवण एकच. फळे मात्र वेगळी. एकीने आठवणीचे दार केले, दुसरीने भिंत.

असे का व्हावे? सोसलेले दुःख माणसाला आपोआप दयाळू करीत नाही काय? या प्रश्नाचा विचार आम्ही आज एका अशा व्यक्तीच्या आधारे करू इच्छितो, जिच्या एकाच आयुष्यात या दोन्ही गोष्टी दिसतात. ती व्यक्ती म्हणजे १९६९ ते १९७४ या काळात इस्राएलच्या पंतप्रधान असलेल्या गोल्डा मेयर. वीणा गवाणकर यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे मराठी वाचकांना त्यांची ओळख आहेच. परंतु आमचा विषय पंतप्रधान गोल्डा मेयर हा नसून, प्रथम तरी, दहा-अकरा वर्षांची एक शाळकरी मुलगी हा आहे.

गोल्डाचा जन्म ३ मे १८९८ रोजी कीव्ह शहरात झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते. वडील सुतारकाम करीत. घरी दारिद्र्य होते. पण दारिद्र्याहून मोठी होती ती भीती. त्या काळी रशियात ज्यू वस्त्यांवर झुंडी चालून जात, घरे लुटीत, माणसे मारीत. आपल्या आयुष्यातील अगदी पहिली आठवण म्हणून गोल्डा मेयर यांनी पुढे जे सांगितले, ते आम्हा ख्रिस्ती लोकांनी जरा थांबून ऐकण्यासारखे आहे. झुंड येणार अशी वार्ता होती. वडील घराच्या दाराला फळ्या ठोकून ते बंद करीत होते. लहानगी गोल्डा जिन्यात उभी राहून ते पाहत होती. येणाऱ्या झुंडीच्या हातांत काठ्या आणि सुरे असतील, आणि तोंडी ख्रिस्ताचे नाव असेल, हे तिला त्या वयातही माहीत होते. 'ख्रिस्ताला मारणारे' हीच त्या झुंडींची ज्यूंना शिवी होती. त्या दिवशी हल्ला झाला नाही. फळ्या निघाल्या असतील. मुलीच्या मनातली ठोकाठोक मात्र थांबली नाही.

१९०३ साली वडील एकटेच अमेरिकेला गेले. आई तीन मुलींसह पिन्स्क या गावी माहेरी राहिली. १९०६ मध्ये ही मायलेकरे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात वडिलांकडे पोहोचली. मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले हे शहर स्थलांतरितांचेच होते. जर्मन लोक सर्वांत जास्त. दक्षिण भागात पोलंडहून आलेले कॅथलिक कामगार, ज्यांनी आपल्या तुटपुंज्या मजुरीतून संत जोसाफत यांचे भव्य मंदिर १९०१ पर्यंत उभे केले होते. आणि उत्तरेकडील गल्ल्यांत रशियातून आलेले ज्यू. आठ वर्षांच्या गोल्डाला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. घर दोन खोल्यांचे होते. आईने, तिलाही इंग्रजी येत नसताना, किराण्याचे छोटे दुकान थाटले. आई पहाटे बाजारातून माल आणायला जाई, आणि ती परत येईपर्यंत गोल्डाला गल्ल्यावर उभे राहावे लागे. त्यामुळे तिला रोज शाळेला उशीर होई, आणि वाटभर ती रडत जाई.

या मुलीला शाळेचे इतके वेड का असावे? ज्याच्या घराच्या दाराला फळ्या ठोकल्या गेल्या, त्याला शाळेचे उघडे दार किती मोठे वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. मिलवॉकीत शाळा मोफत होती. जर्मन असो, पोलिश असो वा ज्यू, दार सर्वांना उघडे होते. परंतु त्या दारात एक लहानसा उंबरठा होता. शिक्षणाला पैसे पडत नसले तरी पाठ्यपुस्तकांसाठी थोडी रक्कम भरावी लागे. रक्कम थोडीच होती. पण ज्याच्या घरी नाहीच, त्याला थोडे काय आणि फार काय! गोल्डाच्या वर्गातील अनेक मुलांना पुस्तके घेता येत नव्हती.

१९०८-०९ च्या सुमाराची ही गोष्ट. गोल्डा दहा-अकरा वर्षांची होती. अमेरिकेत येऊन तिला जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती. तिने एका जिवलग मैत्रिणीच्या साथीने शाळेतील काही मुली गोळा केल्या आणि एक संस्था काढली. संस्थेचे नाव मोठे झोकदार होते, 'अमेरिकन यंग सिस्टर्स सोसायटी'. अमेरिकेत काल आलेल्या मुलींनी स्वतःला अमेरिकन म्हणवून घेतले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भगिनी म्हणवून घेतले. मुलींनी हाताने फलक रंगवले. पॅकेन हॉल नावाचे सभागृह भाड्याने घेतले. साऱ्या वस्तीला निमंत्रणे धाडली. शनिवारी संध्याकाळी डझनांनी माणसे जमली. अध्यक्षा अर्थातच गोल्डा! तू काय बोलणार ते आधी लिहून काढ, असे आईने परोपरीने विनविले. पण मुलीने ऐकले नाही. मनात आहे तेच बोलेन, असे ती म्हणाली. धाकट्या बहिणीने यिडिश भाषेत कविता म्हटली. पैसे असोत वा नसोत, प्रत्येक मुलाला पुस्तके मिळालीच पाहिजेत, एवढेच गोल्डाच्या भाषणाचे सार होते. पैसे जमले, पुस्तकांची सोय झाली. स्थानिक वृत्तपत्रानेही या चिमुकल्या सभेची दखल घेतली.

ही घटना लहान आहे. पुढे गोल्डा मेयर यांनी नव्या राष्ट्रासाठी १९४८ च्या आरंभी अमेरिकेतून सुमारे पाच कोटी डॉलर उभे केले. त्यापुढे पॅकेन हॉलमधील ती चिल्लर काहीच नव्हे. परंतु नीतीच्या तराजूत रक्कम तोलली जात नाही. विधवेच्या दोन दमड्यांचे मोल प्रभू येशूने आपल्याला शिकविलेच आहे. या लहान घटनेत दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात.

पहिली ही की, येथे देणारी मुलगी उंचावर उभी नव्हती. ती त्याच बाकावर बसत होती. पुष्कळदा आपण देतो तेव्हा हात वरून खाली येतो. घेणाऱ्याच्या हातात वस्तू पडते आणि त्याच वेळी त्याची मान खाली जाते. येथे हात शेजारून आला. त्यामुळे पुस्तक मिळाले आणि मानही ताठ राहिली.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. 'बिचाऱ्यांना पुस्तके द्या' असे ती म्हणाली नाही. 'पुस्तके मिळालीच पाहिजेत' असे म्हणाली. दया आणि न्याय यांतले अंतर मोठमोठ्या ग्रंथांत शोधावे लागते. या मुलीने ते एका क्रियापदात दाखवून दिले. शाळेचे दार सर्वांस उघडे आहे असे सांगायचे आणि पुस्तकावाचून मुलाला आत बसवायचे, म्हणजे दार उघडून उंबरठा उंच करायचा. हे तिला कोणी शिकविले नव्हते. तिला ते आठवत होते.

'आठवत होते' हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहोत. जुन्या करारात परक्याशी चांगले वागण्याची आज्ञा वारंवार येते. त्या आज्ञेला जोडलेले कारण लक्षात घ्यावे. परका गरीब आहे म्हणून, किंवा त्यामुळे पुण्य लाभेल म्हणून, असे तेथे म्हटलेले नाही. इस्राएल लोकांना त्यांच्या मिसर देशातील दिवसांची आठवण दिलेली आहे. परक्याचे मन कसे असते हे तुम्हांस ठाऊक आहे. कारण तुम्ही तेथे होता, असा त्याचा आशय. म्हणजे परमेश्वराने दास्याची कटू आठवण पुसून टाकली नाही. तिलाच प्रीतीचे कारण केले. त्या शाळकरी मुलीच्या हातून ही आज्ञा जणू सहज पाळली गेली.

येथे लेख संपविता आला असता, तर किती बरे झाले असते! बालपणीचा चांगुलपणा सांगून 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. परंतु प्रामाणिकपणे पाहू जाता, गोष्ट इतकी सरळ नाही.

१९४९ ते १९५६ या काळात गोल्डा मेयर इस्राएलच्या मजूरमंत्री होत्या. राष्ट्र स्थापन झाल्यापासून साडेतीन वर्षांतच सुमारे सात लाख स्थलांतरित तेथे येऊन थडकले. लोक तंबूंत, पत्र्याच्या झोपड्यांत राहत होते. गोल्डा मेयर यांनी घरे बांधण्याचा, रस्ते काढून हातांना काम देण्याचा ध्यास घेतला. १९५३ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला, त्यामागेही त्यांचे परिश्रम होते. पाठ्यपुस्तकांसाठी झगडणारी मुलगी येथे स्पष्ट दिसते.

या स्थलांतरितांत आपल्या कोकणातील बेने इस्राएलही होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना आपल्याकडे 'शनवार तेली' म्हणत, गावाच्या नावापुढे 'कर' लावणारी ज्यांची आडनावे, आणि ज्यांची मायबोली मराठी, अशी ही माणसे. परंतु ज्या देशाला त्यांनी आपला मानले, तेथे आपण परके ठरत आहोत असा अनुभव त्यांतील अनेकांना आला. भेदभावाची तक्रार करीत १९५१-५२ मध्ये काहींनी धरणे धरले आणि काही जण भारतात परतलेसुद्धा. पुढे विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली गेली. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्व बाबतींत समान आहेत असा निर्वाळा दिला. काल परके असलेल्यांच्या घरातही आज कोणी परका ठरू शकतो, हे यावरून ध्यानी येते.

१९७१ साली जेरुसलेममधील गरीब वस्तीतले काही तरुण पंतप्रधान गोल्डा मेयर यांना भेटले. मोरोक्को आणि अन्य अरब देशांतून आलेल्या ज्यू कुटुंबांची ही मुले. घर, शाळा, नोकरी या सर्वांत आम्ही मागे ठेवले गेलो, ही त्यांची तक्रार. वागण्या-बोलण्यात ती उद्धट होती. ही मुले काही चांगली नाहीत, अशा अर्थाचे पंतप्रधानांचे उद्गार त्या देशात कायमचे लक्षात राहिले. वंचित मुलांच्या प्रश्नावर त्यांनी पुढे समिती नेमली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु तो उद्गार ऐकताना मनात येते, की पॅकेन हॉलमधील मुलगी त्या दिवशी मेजाच्या कोणत्या बाजूस बसली असती?

आणि सर्वांत अवघड गोष्ट पॅलेस्टिनी अरबांची. १९४८ च्या युद्धात त्यांच्यापैकी सुमारे सात लाख लोक बेघर झाले. त्या वर्षीच्या मे महिन्यात गोल्डा मेयर हैफा शहरात गेल्या होत्या. लोक निघून गेलेली घरे पाहून त्यांना युरोपातील ज्यू गावांची आठवण झाली, असे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना सांगितले. म्हणजे आठवण आली. परंतु ती दार झाली नाही. १९६९ साली पंतप्रधान म्हणून एका ब्रिटिश वृत्तपत्राशी बोलताना, पॅलेस्टिनी असे वेगळे लोक नव्हतेच, अशी भूमिका त्यांनी घेतली. ज्याचे अस्तित्वच मानायचे नाही, त्याच्या पुस्तकाची चिंता कोण करणार?

१५ जानेवारी १९७३ रोजी व्हॅटिकनमध्ये पोप सहावे पॉल यांची आणि त्यांची भेट झाली. इस्राएलच्या पंतप्रधानांस पोप महाशयांनी दिलेली ही पहिलीच भेट. गोल्डा मेयर यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे, इतके सोसलेले ज्यू लोक आपल्या देशात इतके कठोर कसे वागतात, असा पोप महाशयांच्या बोलण्याचा रोख होता. त्यावर त्यांनी आपली पहिली आठवण सांगितली. कीव्हमधील ती झुंडीची वाट पाहणे! आम्ही दुबळे होतो, आम्हाला देश नव्हता, तेव्हा आम्हाला मरणाच्या कोठड्यांत नेण्यात आले, असे त्यांचे उत्तर होते.

वाचकहो, या भेटीवर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. प्रश्न रास्त होता. उत्तरही खोटे नव्हते. त्या मुलीच्या दारावर फळ्या ठोकण्याची वेळ ज्यांनी आणली, ते ख्रिस्ताचे नाव घेणारे होते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राद्वारे, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष समस्त ज्यूंवर लादणे नाकारले आणि ज्यूद्वेषाचा धिक्कार केला. ते योग्यच झाले. परंतु तोवर कित्येक पिढ्यांच्या दारांवर खिळे बसले होते. दुसऱ्याच्या भिंतीविषयी बोलताना, तिचे दगड कोणी पुरविले हे विसरणे योग्य नव्हे. म्हणून आम्ही येथे कोणाचा न्याय करावयास बसलेलो नाही. सतत युद्धाच्या छायेत असलेल्या राष्ट्राचे ओझे वाहणे कसे असते, हे दुरून सांगता येत नाही.

तरीही प्रश्न उरतोच. एकाच मुलीच्या एकाच आठवणीतून आधी दार आणि मग भिंत कशी निघाली? संत थॉमस अक्वायनस यांनी करुणेचे विवेचन करताना एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. दुसऱ्याचे दुःख आपलेच वाटते तेव्हा करुणा उपजते. म्हणून ज्यांनी स्वतः सोसले आहे ते बहुधा दयाळू असतात. परंतु ते पुढे बजावतात, की जो मोठ्या भीतीच्या पकडीत आहे, तो स्वतःच्याच व्यथेत इतका गुंतलेला असतो की दुसऱ्याची व्यथा त्याला दिसत नाही. सेमिनरीत शिकलेले हे वाक्य आम्हांस तेव्हा कोरडे वाटले असेल. आज ते वाचताना कीव्हमधील तो जिना दिसतो.

म्हणजे दोष आठवणीचा नव्हे; तिच्या सोबतीला कोण बसले आहे यावर सारे अवलंबून आहे. आठवणीच्या शेजारी विश्वास बसला, तर ती दार होते. तिच्या शेजारी भीती बसली, तर तीच भिंत होते. मिलवॉकीच्या शाळेत गोल्डाला कोणाचे भय नव्हते. पोलिश मूल, जर्मन मूल, ज्यू मूल, सारी एका बाकावर होती. म्हणून आठवण हात होऊन पुढे आली. पुढे भय परतले, आणि कारणाने परतले. तेव्हा तीच आठवण मूठ झाली. बालपणीचा चांगुलपणा हा ठेवीसारखा नसतो, की एकदा ठेवली आणि जन्मभर व्याज खाल्ले. सद्गुण म्हणजे सवय, असे आपले आचार्य सांगतात, आणि सवय रोज नव्याने राखावी लागते. विशेषतः बाकावरून उठून खुर्चीत बसल्यावर.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या धर्मग्रामांतील किती घरांनी परकेपण सोसले आहे! कोणाचे आजोबा भाषेवाचून मुंबईत उभे राहिले. कोणाच्या वडिलांनी आखातात वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या देशात मान खाली घालून काम केले. कोणाची मुलगी आज परदेशी आहे. आणि आज आपल्याच गावच्या वेशीशी वीटभट्टीवर, बांधकामावर, दूरच्या जिल्ह्यांतून व राज्यांतून आलेली कुटुंबे आहेत. त्यांची मुले आपल्या मुलांच्या शेजारच्या बाकावर बसतात. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, हे उत्तमच. परंतु उंबरठा केवळ पुस्तकांचाच असतो काय? न कळणारी भाषा, उच्चारावर होणारे हसू, डबा वाटून खाण्याच्या वेळी रिकामी राहणारी शेजारची जागा, हेही उंबरठेच आहेत. त्या मुलांविषयी आपल्या घरी, जेवताना, कोणते शब्द उच्चारले जातात? 'ही माणसे आल्यापासून...' असे वाक्य सुरू झाले की समजावे, भीती येऊन आठवणीच्या शेजारी बसली.

बाळ येशूला घेऊन योसेफ आणि मरिया मिसर देशात गेले, तेव्हा तेही परकेच होते. त्यांना कोणी दार उघडले, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. परंतु कोणीतरी उघडले असलेच पाहिजे. त्या अनाम माणसाने काही फार मोठे केले नसेल. एक कोपरा दिला असेल, पाण्याची जागा दाखविली असेल. तेवढ्याने तारणाऱ्याचा जीव वाचला.

तेव्हा आईबापांनी आपल्या मुलांना दोन गोष्टी द्याव्यात, अशी आमची विनंती आहे. एक, आपल्या घराने सोसलेल्या परकेपणाची खरी गोष्ट, न लपविता, न फुगविता. आणि दुसरी, ती गोष्ट सांगून झाल्यावर एक साधा प्रश्न : 'तुझ्या वर्गात असे कोण आहे?' पहिल्या गोष्टीने आठवण जिवंत राहील. दुसरीने तिला दार फुटेल. आणि मुलाने एखादे नाव सांगितले, तर ते नाव आपण भीतीने नव्हे, विश्वासाने ऐकून घेऊ या.